कपाटामागचा रंग

रंगाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. नम्रता वगैरे ठीक आहे, पण ती ज्यांना काही येत नाही त्यांनी बाळगावी. माझं रंगाचं दुकान आहे. गिऱ्हाईक खिशातून भिंतीचा नखाएवढा पोपडा काढतं आणि म्हणतं, "अगदी हाच हवा." मी तो पोपडा दारात नेऊन उजेडात धरतो, डोळे बारीक करतो, आत येऊन रंग कालवून देतो. गिऱ्हाईक घरी जाऊन भिंतीला लावतं, आणि जुना रंग कुठे संपला नि नवा कुठे सुरू झाला, ते त्याच्या बायकोलाही सापडत नाही.

असं असताना आमच्या घरात काय चाललं होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा! बायकोला रोज लावायला साधा, हलका, स्वस्तातला मेकअप हवा होता, आणि त्यासाठी ती मोबाइलवर तोंड रंगवून दाखवणाऱ्या अनोळखी पोरींचे व्हिडिओ बघत बसली होती. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मी बसलो होतो. माझ्याकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

कारण असं की तिला नोकरी लागली होती. मुलगी हॉस्टेलवर गेली आणि घर एकदम रिकामं झालं, तेव्हा हिने कुणाला न विचारता जवळच्या दातांच्या दवाखान्यात अर्ज केला. बाहेरच्या काउंटरवर बसायचं, फोन घ्यायचे, पेशंटचे नंबर लावायचे. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, "सोमवारपासून या. महिनाभर बघू. जमलं तर कायम. फक्त एक, आमच्याकडे माणूस येतो तोच घाबरलेला असतो. समोरचा चेहरा बघून त्याला बरं वाटलं पाहिजे. तेव्हा रोज थोडंसं काहीतरी लावत जा."

फोनची तिला भीती नव्हती. पेशंटची तर नव्हतीच, माझ्यासारखा माणूस तिने इतकी वर्षं सांभाळलाय. भीती होती ती त्या 'थोडंसं काहीतरी'ची. लग्नातली एक लिपस्टिक तिच्याकडे होती, ती उघडून बघितली तर आत लांबी वाळून बसावी तशी बसली होती. लांबी म्हणजे आम्ही भिंतीच्या भेगांत भरतो ती.

"त्या काय म्हणतात," ती मोबाइलमध्ये बघत म्हणाली, "आधी प्रायमर लावायचा."

मी सोफ्यावर सरळ बसलो.

"मग डाग बुजवायचे. मग सगळीकडे फाउंडेशन. मग वरून पावडर, टिकून राहायला."

"म्हणजे प्रायमर, लांबी, रंग आणि वरून सीलर," मी म्हणालो. "अगं, हे तर मी रोज करतो. एवढ्यासाठी तू परक्या पोरींची तोंडं बघत बसलीस?"

"अहो, ती भिंत असते."

"भिंत अवघड. भिंतीला ओल येते."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आदराने पाहते आहे.

शनिवारी संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. तिथे खोकल्याच्या औषधांच्या पलीकडे मेकअपचं कपाट आहे. मी दुकानातलं शेड कार्ड, सगळ्या छटा छापलेलं, बरोबर घेतलं होतं. ती म्हणाली की हे बाहेर काढू नका, म्हणून मी ते आत गेल्यावर काढलं. बाटल्यांवर छटांची नावं होती: कुठे हस्तिदंत, कुठे बदाम, कुठे मध. मला हसू आलं. हे धंदे आम्हीही करतो. साध्या पिवळ्याला 'सोनेरी सकाळ' म्हटलं की गिऱ्हाईक दोन डबे जास्त नेतं.

काउंटरवरच्या मुलीने जांभई आवरत सांगितलं, "जबड्यापाशी थोडं लावून बघा. जे दिसेनासं होईल ते घ्या."

"जबड्यापाशी?" मी म्हणालो. "तुम्ही किती वर्षं आहात या लाइनमध्ये?"

"दोन महिने."

"तेच."

आता इथे मला धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या खोलीचा रंग जुळवायचा असेल तर नवशिका माणूस समोरची भिंत बघतो. समोरची भिंत ऊन खाते, धूर खाते, हात लागून मळते. ती काय तुम्हाला खरा रंग सांगणार? जाणकार माणूस खोलीतलं कपाट पुढे ओढतो. कपाटामागे जो रंग असतो, तो मूळ रंग. तो घ्यायचा. ही युक्ती मी आजवर कुणाला फुकट सांगितलेली नाही.

मी बायकोला म्हणालो, "हात वर कर."

"का?"

"कर तर."

तिने हात वर केला. मी तिची बाही जरा मागे सारली आणि दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे जन्मात ऊन लागत नाही अशा जागी, शेड कार्ड लावलं. खोकल्याचं औषध घ्यायला आलेले दोन गृहस्थ खोकायचे थांबले.

"हे बघा," मी त्या मुलीला समजावलं. "तोंडाचा रंग बघून उपयोग नाही. तो खराब झालेला आहे. मूळ रंग हा इथला. यावर जुळवा."

दुकानात फार शांतता पसरली. मला वाटलं, लोकांना ज्ञान मिळतं आहे. बायकोने हात खाली घेतला आणि बाही नीट केली. मी हस्तिदंताची बाटली घेतली, प्रायमर घेतला, डाग बुजवायची कांडी, पावडर, भुवयांची पेन्सिल आणि एक स्पंज. सगळ्यात स्वस्त कंपनीचं घेतलं, कारण माल कुठलाही असो, सगळं मारणाऱ्याच्या हातावर असतं.

रविवारी सकाळी मी खुर्ची गॅलरीत मांडली. रंग नेहमी दिवसाच्या उजेडात बघावा. बायको येऊन बसली. केसांच्या कडेला मी मास्किंग टेप लावली, कडा साफ यावी म्हणून. तिच्या कपाळावर मी प्रायमर घासत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर कठड्यावरून वाकले.

"काय हो, काय चाललंय?"

"मेकअप," मी म्हणालो.

"डाव्या गालाला राहिलंय."

"अजून पहिला हात आहे, सर."

"बरं, बरं. मी आहे इथेच." आणि ते खरोखरच तिथे राहिले. चहाही त्यांनी तिथेच मागवला.

दोन हात झाले. मी मागे सरून डोळे बारीक केले. तिच्या दंडाशी रंग असा जुळला होता की माझा मलाच अभिमान वाटला. एवढंच होतं की दंड ब्लाउजच्या बाहीत होता, आणि बाहेर दिसत होते ते मान, कान आणि हात. त्यांच्यामध्ये तिचं तोंड असं दिसत होतं की दुसऱ्या कुणाचं तरी आणून बसवलंय. वरून हेडमास्तर म्हणाले, "वहिनी, तब्येत बरी आहे ना?"

बायकोने आरसा मागितला. मी तो आणायला जरा जास्तच वेळ लावला. तिने आरशात पाहिलं, टेप स्वतः ओढून काढली, आणि आत जाऊन पलंगावर बसली.

"अगं, थोडा उजळ झालाय. वाळला की बसेल," मी म्हणालो.

"खराब झालाय म्हणालात."

"काय?"

"माझा रंग. चारचौघांत. खराब झालेला आहे म्हणालात."

"अगं, ते धंद्याच्या भाषेत..."

"तो कसा झाला, ठाऊक आहे तुम्हाला?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तुमचा डबा दुपारी दुकानात कोण पोचवत होतं? पोरीच्या शाळेच्या फाटकापाशी उन्हात कोण उभं राहत होतं? मी काय समुद्रावर पडायला जात होते? हा माझाच रंग आहे. आतला कुठला तरी वेगळा आणि तो खरा, असं काही नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाच्या प्रत्येक तक्रारीला उत्तर असतं. 'तुमची भिंतच ओली होती' हे त्यातलं सगळ्यात जुनं. ते मी इथे दिलं नाही, एवढी अक्कल माझ्यात होती. मला लाज वाटली. खरीच वाटली. मग लाज वाटलेला नवरा जे करतो तेच मी केलं. चूक मान्य करून गप्प बसायचं सोडून ती दुरुस्त करायला घेतली.

स्वयंपाकघरातून एक वाटी आणली. हस्तिदंत त्यात ओतलं. उजळ रंग खाली आणायचा असला की त्यात किंचित काळा घालायचा, हे आमच्याकडे सगळ्यांना येतं. भुवयांची पेन्सिल सुरीने तासली, पूड करून कालवली. रंग जरा थंड, म्हणजे निळसर वाटला म्हणून तिची लग्नातली लिपस्टिक खरवडून टाकली, तर फार गुलाबी झाला. म्हणून पुन्हा पेन्सिल, मग पावडर, मग थोडं आणखी हस्तिदंत. दुपारपर्यंत वाटीची जागा पातेलीने घेतली. शेवटी मी काडीवर थेंबभर घेऊन तिच्या जबड्यापाशी लावला, आणि तो दिसेनासा झाला. कुठे लावला ते मलाही सापडेना!

बायकोने आरशात या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

"बरा आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "छानच आहे की." आणि हसली. इतक्या सहज माफी मिळाल्यावर माणसाने देवाचे आभार मानून ती पातेली घासायला टाकावी. मी ती झाकून ठेवली.

सोमवारी सकाळी मी तिला रंगवलं. आता नमुना एका थेंबाचा होता, आणि भिंतीला तीन हात लागतात. एका हातात जे दिसत नाही ते तिसऱ्या हातात चांगलंच दिसतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पण घरच्या कामात माणूस इतका बारकाईने बघत नाही. शिवाय उशीर झाला होता. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात तिने घाईघाईने एकदा पाहिलं.

"हसू नकोस," मी सांगितलं. "वाळेपर्यंत हसलीस तर तडे जातील."

"आणि वाळल्यावर?"

"वाळल्यावरही जरा बेतानेच."

ती गेली. मी दुकान उघडलं, पण जिवाला चैन पडेना. नवीन काम वाळल्यावर एकदा जाऊन बघून यायची माझी पद्धत आहे. दहाच्या सुमाराला मी दुकानाला कुलूप घातलं आणि दवाखान्यात गेलो.

आत पाचसहा माणसं बसली होती. छताला पांढरेशुभ्र दिवे, इतके की सावलीलाही जागा नव्हती. आणि काउंटरमागे माझी बायको. त्या दिव्यात, वाळलेल्या तीन हातांत, हस्तिदंत आणि काळ्याचं जे व्हायचं ते झालं होतं. पांढऱ्यात काळा घातला की राखाडी होतो. हे बालवाडीत शिकवतात. बायकोचं तोंड प्लॅस्टरच्या रंगाचं झालं होतं. त्यात ती माझं ऐकून हसत नव्हती, भुवईसुद्धा हलवत नव्हती. नुसते डोळे या माणसावरून त्या माणसावर फिरत होते.

गाल सुजलेला एक गृहस्थ माझ्याशेजारी बसला होता. तो माझ्या कानाशी लागला. "या बाई सकाळपासून अशाच आहेत. आत काय चालतं ते यांनी बघितलं असणार."

"छे हो," मी म्हणालो.

"मग एवढ्या कशाने भ्यायल्यात?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून मशीनचा आवाज आला. बायकोने सवयीने डोळे मिटले. तिला तो आवाज कधीच सहन होत नाही, पण हे त्या लोकांना कुठे ठाऊक? समोरची बाई उठली, पर्स उचलली आणि "फोन आलाय" असं म्हणत निघून गेली. तिच्या हातात फोन नव्हता. तिच्यामागून कॉलेजची दोन मुलं गेली. नोकरीच्या पहिल्या दिवशी पेशंट पळवून लावणारी बाई डॉक्टरीणबाई महिनाभर कशाला बघतील? काहीतरी करणं भाग होतं.

मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "घाबरू नका. त्यांना काही झालेलं नाही. ते मी लावलंय."

"काय लावलंय?" सुजलेला गाल म्हणाला.

"तीन हात. आणि खाली प्रायमर."

तो गृहस्थ हळूहळू माझ्यापासून दोन खुर्च्या लांब सरकला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला ओरडायचं होतं, पण तडे जातील म्हणून ती नुसतं ओठांच्या फटीतून म्हणाली, "घरी... जा." पुटपुटल्यासारखं, अंतिम इच्छा सांगावी तसं. तेवढ्यानेही तिच्या कपाळावर एक बारीक रेघ उमटली आणि खपलीएवढा तुकडा समोरच्या टेबलावर पडला. उरलेले सगळे उठले. सुजलेला गाल जाताजाता म्हणाला की त्याला आता अजिबात दुखत नाहीये.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी रिकाम्या खुर्च्या बघितल्या, मग माझ्या बायकोकडे बघितलं. पुढचं सगळं फार वेगात झालं. त्यांनी तिला धरून आत नेलं, दाताच्या खुर्चीवर आडवं केलं, खुर्ची मागे झुकवली, दंडाला प्रेशरचा पट्टा बांधला.

"प्रेशर तर चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मग रंग असा का?"

"बाही वर केलीय ना, तिथे बघा," मी दारातून म्हणालो. "तो मूळ रंग आहे."

"तुम्ही कोण?"

मला एकदा वाटलं, पेशंट म्हणावं. "नवरा," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा ओला करून तिच्या गालावरून फिरवला, तो बघितला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. बाजूच्या तबकात राखाडी ढीग जमला. हळूहळू खालून गाल आला, नाक आलं, उन्हाने रापलेलं कपाळ आलं. बायको रडत होती. इतका वेळ ते दिसत नव्हतं.

"मला इथे बसायचं होतं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "फार मनापासून बसायचं होतं."

मी दारातच उभा होतो. माणसाला जमीन दुभंगून पोटात घेत नाही, हे एक त्या जमिनीचं चुकतंच.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची सरळ केली. तिचा चेहरा नीट पाहिला, मी पोपडे बघतो तसा, पण डोळे बारीक न करता. "हा काय वाईट आहे?" त्या म्हणाल्या. "उद्या हाच घेऊन या. वाटलं तर थोडी लिपस्टिक. आणि कुणालाही हात लावू देऊ नका."

'कुणालाही' म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी ती एकटीच औषधाच्या दुकानात गेली आणि कोपऱ्यातली सगळ्यात साधी लिपस्टिक घेऊन आली. रोज सकाळी मी बूट घालेपर्यंत तिचा मेकअप उरकतो. महिना संपला, ती कायम झाली. मी विषय काढत नाही, ती काढते.

मध्यंतरी जेवताना म्हणाली, "दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीला रंग द्यायचा आहे. डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या, कुणी चांगला माहितीतला आहे का."

मी घास खाली ठेवला. "मग?"

"सांगितलं मी."

"काय सांगितलंस?"

"बाजारातल्या त्या दुसऱ्या दुकानाचा नंबर दिला."

"अगं, पण मी..."

"अहो, मी आता कायम आहे," ती म्हणाली. "ते टिकवायचंय मला. भाजी वाढू?"

काम कसं झालंय ते बघितल्याशिवाय मला झोप येईना. म्हणून काल दुपारी मी दुकानाला कुलूप लावून सहज गेल्यासारखा दवाखान्यात गेलो. रंग चांगला झालाय. मला तो चांगला झालेला बघून फारसं बरं वाटलं नाही, पण कडा साफ आहेत हे मान्य केलं पाहिजे. खुर्च्या भरलेल्या होत्या. काउंटरमागे बायको एका रडवेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना काहीतरी सांगत होती आणि ते चक्क हसत होते. मी पुढे झालो. तिने मान वर केली आणि मला ओळखत नसल्यासारखं, अगदी गोड आवाजात विचारलं, "बोला, काय तक्रार आहे?"

"तक्रार काही नाही," मी म्हणालो.

"मग तिकडे मागे बसा," ती म्हणाली. "ज्यांना तक्रार आहे त्यांचे नंबर आधी आहेत."